गच्चीवरची जुनी छत्री: काय ठेवायचं, काय काढायचं आणि फ्री डिश कशी धरायची

रिचार्ज बंद होऊन दोन-तीन वर्षं झाली, बॉक्स कपाटात गेला, पण छत्री गच्चीवर तशीच उभी आहे, असं चित्र महाराष्ट्रातल्या असंख्य घरांवर दिसतं. ती काढून भंगारात द्यावी की तिचा काही उपयोग होईल? आमचं स्पष्ट मत असं: छत्री, खांब आणि बहुतेक वेळा केबल ठेवावी, एलएनबी (छत्रीसमोरच्या दांड्यावरचा, सिग्नल घेऊन केबलमध्ये सोडणारा छोटा डबा) तपासून ठरवावं, आणि खाजगी कंपनीच्या बॉक्सचा मोह सोडावा. पूर्ण संच चांगला किंवा पूर्ण संच खराब, असं कधीच नसतं. प्रत्येक भाग सुटा धरून बघावा लागतो.

ही छत्री उपयोगी पडते ती मुख्यतः डीडी फ्री डिशसाठी. दूरदर्शनने ही सेवा डिसेंबर २००४ मध्ये डीडी डायरेक्ट प्लस या नावाने सुरू केली. तिला महिन्याचं शुल्क नाही, कार्ड नाही, रिचार्ज नाही. सध्या ती ९३.५ अंश पूर्व रेखांशावरच्या जीसॅट-१५ या उपग्रहावरून येते. जीसॅट-१५ नोव्हेंबर २०१५ मध्ये सोडला गेला, त्याआधी त्याच जागी इन्सॅट-४बी होता. म्हणून जुन्या बॉक्सच्या यादीत अजूनही 'इन्सॅट ४बी' असं नाव दिसतं. नाव जुनं असलं तरी जागा तीच, ते निवडलं तरी चालतं.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी. घरात चांगलं ब्रॉडबँड आहे आणि सगळे जण टीव्ही इंटरनेटवरच बघतात, तर या खटपटीत पडू नका. पण जिथे मोबाइलचं नेटवर्क ओट्यावर येऊन थांबतं अशा घाटातल्या वाड्या, शेतावरची घरं, भाडेकरूंच्या खोल्या, आणि ज्या घरात आजी-आजोबांना सह्याद्री वाहिनी रिमोटच्या एका बटणावर हवी असते, तिथे जुनी छत्री आजही सर्वांत स्वस्त आणि भरवशाची सोय आहे.

आधी मालकी, मग पान्हा

डीटीएचचं साहित्य तीन प्रकारांनी घरात येतं: विकत, हप्त्यावर किंवा भाड्याने. पावती किंवा करारावर भाडं लिहिलं असेल तर ते साहित्य कंपनीचं आहे, त्याला हात लावण्याआधी सेवा रीतसर बंद करून विचारून घ्या. विकत घेतलेलं असेल तर छत्री तुमचीच.

छत्री तपासताना

आपल्याकडच्या डीटीएच छत्र्या साधारण ६० ते ६५ सेंटीमीटरच्या, लोखंडी पत्र्याच्या असतात. वरवरचा गंज पाहून घाबरू नका. गंजाखाली लोखंड आहे तोवर लहरी परावर्तित होतातच. या लहरींची लांबी २६ मिलिमीटरच्या आसपास असते, त्यामुळे दोन-तीन मिलिमीटरची एखाद-दोन भोकं पडली तरी काही बिघडत नाही. बिघडतं ते आकार बदलल्याने. माकडं बसली, गच्चीवर पाण्याची टाकी चढवताना धक्का लागला, मुलांनी क्रिकेटमध्ये चेंडू मारला, की पत्र्याला पोचा येतो किंवा कडा पिळवटते. दोन मिलिमीटरहून खोल आणि तळहाताएवढा पसरलेला पोचा असेल तर सिग्नलचा काही भाग एलएनबीपर्यंत पोचतच नाही.

पिळवटलेली कडा डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी दोरा वापरा. छत्रीच्या कडेवर समोरासमोरच्या दोन बिंदूंना शिवणाचा दोरा ताणून चिकटपट्टीने लावा. दुसरा दोरा त्याला काटकोनात लावा. मधोमध दोन्ही दोरे एकमेकांना अलगद टेकले पाहिजेत. एक दोरा दुसऱ्याच्या वर तीन-चार मिलिमीटर तरंगत असेल तर छत्री पिळलेली आहे. टेकत असले तरी दोऱ्यांची खालीवर अदलाबदल करून पुन्हा बघा, कारण वरचा दोरा खालच्याला दाबत असेल तर चूक लपते. पिळलेली छत्री हाताने सरळ करायला जाऊ नका, एका बाजूचा पीळ काढताना दुसरीकडे नवा पडतो.

एलएनबी धरणारा दांडा त्याच छत्रीचा हवा. दुसऱ्या कंपनीच्या छत्रीचा दांडा बसवला की एलएनबीची जागा चुकते. मग दिशा कितीही जुळवा, क्वालिटी (बॉक्सच्या मेनूत दिसणारा सिग्नलच्या दर्जाचा आकडा) अर्ध्यावरच थांबते आणि कारण सापडत नाही.

रंग द्यायचा असेल तर पातळ, बिनचमकीचा द्या. आत गुळगुळीत चमकदार रंग मारला तर ऊन एलएनबीच्या तोंडावर गोळा होऊन त्याचं प्लॅस्टिक वितळू शकतं. किनारपट्टीवर खारा वारा सगळ्यात आधी नट-बोल्ट खातो, पत्रा त्यामानाने टिकतो. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड आणि गोव्यात जुने बोल्ट काढून स्टेनलेस स्टीलचे टाकणं हा खर्च टाळू नये.

एलएनबी: दोन-तीनशे रुपयांसाठी दिवस घालवू नका

एलएनबीच्या पाठीवरचं किंवा बाजूचं लेबल वाचा. त्यावर ९७५० आणि १०६०० असे दोन्ही आकडे किंवा 'युनिव्हर्सल' लिहिलेलं हवं. फक्त १०६०० असेल तर तो एलएनबी फ्री डिशसाठी चालणार नाही, आणि त्याचं कारण साधी वजाबाकी आहे. फ्री डिशची एक फ्रिक्वेन्सी ११०९० मेगाहर्ट्झ आहे. एलएनबी त्यातून आपला आकडा वजा करून उरलेला सिग्नल केबलमधून खाली पाठवतो. ११०९० वजा ९७५० म्हणजे १३४०, हा बॉक्सला समजतो, कारण बॉक्स ९५० ते २१५० च्या दरम्यान ऐकतो. ११०९० वजा १०६०० म्हणजे ४९०, हा बॉक्सच्या कानावरच पडत नाही. लोक इथे तासन् तास छत्री फिरवत बसतात, आणि चूक दिशेची नसतेच.

मग तोंडावरची प्लॅस्टिकची टोपी बघा. पाच-सात उन्हाळे काढलेल्या टोपीला केसाएवढ्या चिरा पडतात, पावसाचं पाणी आत शिरतं. असा एलएनबी कोरड्या दुपारी चालतो आणि पहिल्या सरीला मरतो. चिरेवर फेव्हिक्विक किंवा सिलिकॉन लावून काही महिने निघतात, पण आमच्या मते टोपी तडकली की एलएनबी बदलावा. साधा एका आउटपुटचा युनिव्हर्सल एलएनबी साधारण दोन-तीनशे रुपयांत मिळतो. लेबलवर ०.१ डीबी की ०.३ डीबी लिहिलंय यावरून दुकानात हुज्जत घालू नका, त्या छापील आकड्यांनी पडद्यावर फरक दिसत नाही.

केबल आणि तिची दोन टोकं

छत्रीची केबल म्हणजे आरजी-६, ७५ ओहम. पंचवीस-तीस मीटरपर्यंत ती आरामात चालते. बाहेरचं काळं आवरण सोललं, उंदरांनी कुरतडलं किंवा खिडकीच्या सरकत्या काचेत चेपलं असेल तर तेवढा तुकडा जोड देऊन वाचवण्यापेक्षा पूर्ण केबल बदलणं बरं. प्रत्येक जोड म्हणजे पाणी शिरायची एक नवी जागा.

मल्टिमीटर असेल तर दहा मिनिटांत निकाल लागतो. केबल दोन्ही टोकांना मोकळी करा. वरच्या टोकाला मधली तार आणि बाहेरची जाळी तारेच्या तुकड्याने जोडा, खालच्या टोकाला ओहम मोजा. वीस मीटरला दोन-तीन ओहम आले तर ठीक. दहाच्या वर गेले तर आत गंज आहे. आता वरची जोडतार काढून पुन्हा मोजा, या वेळी काहीच दाखवता कामा नये. काही दाखवलं तर कुठेतरी जाळी मधल्या तारेला टेकली आहे.

'सिग्नल नाही' च्या बऱ्याच तक्रारींचं मूळ टोकाच्या पिनेत, म्हणजे एफ कनेक्टरमध्ये असतं, म्हणून ती नव्याने बांधा. जुनं टोक पाच-सहा सेंटीमीटर कापून टाका. बाहेरचं आवरण साधारण पंधरा मिलिमीटर सोला, पण पातं जाळीला लागू देऊ नका. जाळी उलटी करून आवरणावर मागे वळवा. आता आतलं पांढरं फोम टोकाकडून आठ मिलिमीटर कापा, म्हणजे मधली तार उघडी होईल. कनेक्टर दाबत फिरवून असा बसवा की पांढरं फोम कनेक्टरच्या आतल्या भोकाच्या पातळीला येईल आणि मधली तार कडेच्या दोन ते तीन मिलिमीटर बाहेर दिसेल. फार आत राहिली तर एलएनबीला टेकत नाही, फार लांब राहिली तर सॉकेटची पकड वाकवते. शेवटी उजेडात धरून बघा: जाळीचा केसाएवढा एक तंतू जरी मधल्या तारेला शिवत असेल तर बॉक्स 'एलएनबी शॉर्ट' दाखवतो आणि वीजपुरवठा बंद करतो.

वरच्या टोकाला रबरी सेल्फ-फ्यूजिंग टेप ताणून गुंडाळा, त्यावर साधी काळी टेप. एलएनबीजवळ केबलला खाली झोल द्या, म्हणजे पाणी झोलाच्या तळाशी येऊन ठिबकेल. झोल नसेल तर ते केबलवरून घसरत थेट घरात, बॉक्सच्या मागच्या सॉकेटपर्यंत येतं.

बॉक्स

खाजगी कंपनीचा जुना बॉक्स फ्री डिशला लावता येतो का, हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो. उत्तर 'नाही' असंच धरा. त्याचं सॉफ्टवेअर त्या कंपनीच्या नेटवर्कला बांधलेलं असतं, बाहेरची फ्रिक्वेन्सी शोधून चॅनल साठवायची मुभाच त्यात नसते. 'अनलॉक करून देतो' म्हणणाऱ्यांच्या नादी लागू नका. त्या बॉक्ससोबतची एचडीएमआय केबल आणि एव्ही वायर मात्र काढून ठेवा. अडॅप्टर ठेवायचा तर व्होल्ट, अँपिअर आणि पिनेचं प्लस-मायनस जुळल्याशिवाय दुसऱ्या बॉक्सला लावू नका.

जुना फ्री डिशचाच बॉक्स असेल तर तो एमपेग-२ चा आहे की एमपेग-४ चा (चित्र दाबून पाठवायची जुनी आणि नवी पद्धत) ते पाहा. एमपेग-२ चा बॉक्स चालेल, पण काही चॅनल त्याला मिळणारच नाहीत. तो एमपेग-४ चे चॅनल एक तर शोधत नाही, किंवा शोधून काळा पडदा दाखवतो. नवा घ्यायचा तर एमपेग-४, डीव्हीबी-एस२ असं खोक्यावर लिहिलेलाच घ्या.

त्याआधी टीव्हीच्या मागे बघा. अलीकडच्या बऱ्याच टीव्हींना सॅटेलाइट ट्यूनर आतच असतो. आटे असलेलं, मधे भोक असलेलं एफ सॉकेट आणि त्यावर 'सॅटेलाइट' किंवा 'एलएनबी' लिहिलेलं दिसलं तर बॉक्स लागतच नाही, केबल थेट टीव्हीला. अशा टीव्हींसाठी भारतीय मानक ब्युरोचं आयएस १८११२ हे मानक २०२२ सालचं आहे. मात्र साध्या अँटेनाचं सॉकेट वेगळं असतं, त्यात ही केबल जबरदस्तीने घालू नका.

जागा मोकळी आहे का

उपग्रह आग्नेयेला, बराच उंचावर असतो. पुण्याहून तो क्षितिजापासून सुमारे ५९ अंश वर आहे. याचा सोपा अर्थ असा, की समोरचा अडथळा छत्रीपासून जितका दूर, त्याच्या सव्वा-दीड पट उंच असला तरी बिनधास्त चालतो. चार मीटर अंतरावरचं आंब्याचं झाड छत्रीच्या पातळीपासून साडेसहा मीटरपर्यंत वाढेपर्यंत आड येत नाही. पण पानं ओली झाली की जास्त सिग्नल खातात, म्हणून वाढणाऱ्या झाडासाठी मोकळीक ठेवा.

सूर्य इथे फुकटचं मोजमाप देतो. वर्षातून दोनदा सूर्य बरोबर या उपग्रहाच्या मागून जातो. पुणे-मुंबईकडे ते १२ मार्चच्या आसपास सकाळी सव्वाअकराच्या सुमारास आणि १ ऑक्टोबरच्या आसपास अकराला दहा मिनिटं कमी असताना घडतं. त्या वेळी छत्रीवर झाडाची, टाकीची किंवा पिलरची सावली पडत असेल तर सिग्नलही तिथेच अडतो. त्याच दिवसांत काही मिनिटं चित्र तुटलं तर ती बिघाडाची खूण नाही, सूर्याच्या गोंगाटात सिग्नल बुडालेला असतो. काही करू नका, आपोआप येतं.

कुठल्या गावातून कुठे बघायचं

पहिला आकडा उत्तरेकडून घड्याळाच्या दिशेने मोजलेला, दुसरा उंचीचा, तिसरा एलएनबीच्या तिरकसपणाचा (तो कसा द्यायचा ते पुढे येतं). सगळे अंशांत.

मुंबई: १३१, ५७.५, ४५
पुणे: १३१.७, ५८.७, ४५
कोल्हापूर: १२९.४, ६०.४, ४८
छत्रपती संभाजीनगर: १३६, ५८.८, ४१
नागपूर: १४४.५, ६०.३, ३३
पणजी: १२६.८, ६०.९, ५०.५

महाराष्ट्रात होकायंत्राची उत्तर आणि खरी उत्तर जवळपास एकच, त्यामुळे दुरुस्ती करायची गरज नाही. पण मोबाइलचं होकायंत्र लोखंडी खांबाजवळ धरलं तर वीस-वीस अंश चुकतं. दोन-तीन मीटर लांब उभं राहून दिशा बघा, त्या दिशेला दूरची एखादी खूण धरा, देवळाचा कळस, मोबाइलचा टॉवर, काहीही, आणि मग छत्री त्या खुणेकडे वळवा.

छत्री आकाशात जिथे बघते आहे असं वाटतं, त्याहून बरंच वरून ती सिग्नल घेते, कारण ती ऑफसेट घाटाची असते आणि एलएनबी मधोमध नसून खाली असतो. म्हणून पत्र्याच्या तोंडाकडे बघून उंचीचा अंदाज बांधू नका, क्लॅम्पवरची, म्हणजे छत्रीला खांबाशी धरणाऱ्या पकडीवरची, अंशांची पट्टी वापरा. ती पट्टी खरं बोलते ते खांब ओळंब्यात असेल तरच. खांब कललेला असेल तर बाकी सगळं गणित वाया.

जागच्या जागी किती फिरवायची

छत्री आधीच एखाद्या कंपनीच्या उपग्रहाला लावलेली असेल तर शून्यापासून सुरुवात करायची गरज नाही. खाली पुण्याचे आकडे आहेत, पश्चिम महाराष्ट्रात सगळीकडे साधारण असेच. डावं-उजवं म्हणजे छत्रीच्या पाठीमागे उभं राहून, तिच्याच दिशेने बघताना.

एअरटेलची छत्री १०८.२ अंशांकडे असते (हा आणि पुढचे असे आकडे उपग्रहाच्या पूर्व रेखांशाचे, होकायंत्राचे नाहीत). ती उजवीकडे सुमारे १७ अंश वळवा आणि १३ अंश वर उचला. टाटा प्लेची ८३ अंशांकडे असते, ती डावीकडे २१ अंश आणि ७ अंश खाली. डीटूएच ८८ अंशांवर, ती डावीकडे १० अंश आणि ४ अंश खाली. डिश टीव्हीची ९५ अंशांवर, म्हणजे अगदी शेजारी: उजवीकडे जेमतेम दोन अंश आणि एक अंश वर. सन डायरेक्टचा मुख्य उपग्रह ९३.५ अंशांवरच आहे, त्यामुळे ती छत्री तशी असेल तर बहुधा हलवावीही लागत नाही.

अंश डोळ्यांनी मोजता येत नाहीत, मिलिमीटर येतात. खांबाभोवती दोरा गुंडाळून घेर मोजा आणि ३६० ने भागा. दीड इंची, म्हणजे ३८ मिलिमीटर जाडीच्या खांबाचा घेर ११९ मिलिमीटर, म्हणजे एक अंश म्हणजे एका मिलिमीटरचा तिसरा हिस्सा. एअरटेलची छत्री १७ अंश वळवायची तर खांबावर साडेपाच-सहा मिलिमीटर, टाटा प्लेची २१ अंश म्हणजे सात मिलिमीटर. हलवण्याआधी क्लॅम्प आणि खांब दोन्हींवर मार्करने एकच उभी रेघ ओढा. ही रेघ म्हणजे परतीची वाट आहे, चुकलात तर जुन्या जागी परत येता येतं. रेघ पुसू नका.

साठ सेंटीमीटरची छत्री सुमारे तीन अंश रुंदीचा झोत ऐकते, म्हणजे मध्यापासून दीड अंश इकडे-तिकडे. त्या खांबावर मिलिमीटरभर चुकलात की निम्मा सिग्नल गेला. नट सैल करून छत्री हातात घेऊन झुलवणाऱ्याला चॅनल सापडत नाहीत ते यामुळेच.

बॉक्समध्ये काय भरायचं

टीव्ही गच्चीवर नेता आला तर उत्तम, नाहीतर खाली एक माणूस फोनवर हवा. मेनूमध्ये उपग्रह जीसॅट-१५ किंवा इन्सॅट-४बी, ९३.५ पूर्व. एलएनबी युनिव्हर्सल, ९७५०/१०६००. एलएनबी पॉवर चालू. २२ किलोहर्ट्झ ऑटो किंवा बंद. डायसेक बंद. मग ट्रान्सपाँडर (उपग्रहावरचा चॅनलचा एक गठ्ठा पाठवणारा भाग) म्हणून ११०९०, व्हर्टिकल (उभ्या लहरींचा सिग्नल; आडव्यांचा तो हॉरिझॉन्टल), सिम्बॉल रेट २९५०० भरा. याशिवाय ११४७०, ११५५० आणि १११७० हेही व्हर्टिकल, २९५००. सुरुवातीला एकच भरा आणि त्यावरच छत्री जुळवा.

पडद्यावर दोन पट्ट्या दिसतात. स्ट्रेंग्थ कितीही असली तरी तिचा अर्थ एवढाच की केबल आणि एलएनबी जिवंत आहेत, आभाळाकडे बघणारी कुठलीही छत्री ती दाखवते. जुळवायची ती क्वालिटी. ती शून्यावरून उडी मारते ती जागा शोधायची.

१. उंची पट्टीवर बरोबर ठेवून नट हाताने घट्ट करा, खांबावरचा नट एवढा सैल की छत्री जोर लावल्यावरच सरकेल.

२. अंदाजाच्या जागेपासून डावीकडे दोन मिलिमीटर जाऊन तिथून हळूहळू उजवीकडे या. प्रत्येक वेळी अर्धा मिलिमीटर, आणि दर वेळी दोन-तीन सेकंद थांबा, कारण बॉक्सला सिग्नल ओळखायला तेवढा वेळ लागतो.

३. काही मिळालं नाही तर उंची दोन अंश वाढवून तोच फेरा पुन्हा, मग दोन अंश कमी करून.

४. क्वालिटी आली की थांबू नका. जास्तीत जास्त आकड्याच्या पुढे जा, ती पडू लागली की परत या. डावीकडे जिथे पडते आणि उजवीकडे जिथे पडते, त्या दोन जागांच्या बरोबर मधोमध छत्री ठेवा. उंचीचंही तसंच.

५. नट एकदम एका बाजूने आवळू नका. समोरासमोरचे आळीपाळीने, अर्धा-अर्धा फेरा. एका बाजूचा नट पूर्ण आवळला की छत्री अंशभर सरकते.

डिश टीव्हीच्या छत्रीबाबत एक सावधगिरी. ९३.५ आणि ९५ यांच्यात दीडच अंशाचं अंतर असल्याने छत्री ९५ कडे असतानाही फ्री डिशची थोडी क्वालिटी दिसू शकते. ती बघून तिथेच आवळली तर कोरड्या दिवशी चित्र छान येतं आणि पावसाळ्यात रोज तुटतं. मध्यबिंदू काढल्याशिवाय सोडू नका.

एलएनबीचा तिरकसपणा, जो बहुतेक जण विसरतात

छत्रीच्या पाठीमागे उभं राहून बघितलं तर एलएनबीचं केबलचं टोक सरळ खाली, म्हणजे घड्याळातल्या सहावर, नसतं. पुण्या-मुंबईत ते सुमारे ४५ अंश उजवीकडे, म्हणजे साडेचारच्या काट्यावर यायला हवं. नागपुरात ते पाचच्या जवळ असतं. समोरून बघाल तर हेच उलटं, साडेसातवर दिसेल. या सुरुवातीच्या जागा आहेत, शेवटचा निकाल क्वालिटीच्या पट्टीवर: पकडीचा स्क्रू सैल करून एलएनबी पाच-पाच अंशांनी फिरवा आणि सर्वांत जास्त आकड्यावर आवळा.

याचं महत्त्व असं की ४५ अंशांची चूक म्हणजे व्हर्टिकल आणि हॉरिझॉन्टल दोन्ही सिग्नल सारख्याच प्रमाणात मिसळणं. छत्री अगदी बरोबर दिशेला आहे, तरी क्वालिटी वीसच्या वर जात नाही, असं झालं की आधी एलएनबी फिरवून बघा. कंपनी बदलताना छत्री फिरवली पण एलएनबी जुन्याच कोनात राहिला, ही चूक तर नेहमीचीच.

अडलं तर

स्ट्रेंग्थही शून्य असेल तर गोष्ट दिशेची नाही. एलएनबीवरची केबल काढून मल्टिमीटरने मधली तार आणि कडं यांत व्होल्ट मोजा. व्हर्टिकल चॅनलवर १३ च्या आसपास यायला हवेत, हॉरिझॉन्टलवर १८. शून्य आले तर मेनूतली एलएनबी पॉवर, मग केबल. केबल मोकळी असताना १३ आणि एलएनबी जोडल्यावर खूप कमी भरत असतील तर केबलीत गंज किंवा एलएनबीत बिघाड. केबल जोडताना-काढताना बॉक्सचा स्विच बंद ठेवा.

स्ट्रेंग्थ भरपूर आणि क्वालिटी शून्य: दिशा चुकली, किंवा एलएनबी चुकीचा, किंवा समोर झाड. काही चॅनल येतात आणि काही चौकोन-चौकोन होऊन तुटतात: क्वालिटी काठावर आहे, मध्यबिंदू आणि तिरकसपणा पुन्हा बघा. रोज दुपारी बंद, रात्री चालू: एलएनबी तापून दम सोडतोय, बदला.

पावसात थोडा वेळ जाणं साहजिक आहे. पण रिमझिमीतही जात असेल तर जुळणी कच्ची. कोकणात आणि घाटमाथ्यावर, जिथे पाऊस दिवसेंदिवस उसंत देत नाही, तिथे ६० ऐवजी ७५ किंवा ९० सेंटीमीटरची छत्री लावणं योग्य ठरतं. ९० ची छत्री ६० च्या सव्वादोन पट सिग्नल गोळा करते. मात्र तिचा झोत अरुंद, त्यामुळे जुळवणी आणखी काटेकोर, आणि वारा जास्त धरते. ताशी १०० किलोमीटरच्या वाऱ्यात साध्या ६० च्या छत्रीवरही पंधरा-सोळा किलो वजनाएवढा रेटा येतो. जून २०२० मध्ये निसर्ग चक्रीवादळ रायगडवरून गेलं, तसं वारं आलं की दोन स्क्रूंवर टांगलेली छत्री उडून शेजाऱ्याच्या पत्र्यावर जाते. काँक्रीटमध्ये १० मिलिमीटरचे चार अँकर फास्टनर हवेत. कौलांच्या चौकटीला, विटांच्या कठड्याच्या कडेला किंवा पाण्याच्या टाकीच्या पाइपला छत्री बांधू नका.

दोन टीव्हींसाठी

एका छत्रीवर दोन बॉक्स लावायला एरवी दोन आउटपुटचा एलएनबी लागतो, कारण एक बॉक्स १३ व्होल्ट मागतो तेव्हा दुसरा १८ मागू शकतो. वर दिलेले ट्रान्सपाँडर सगळे व्हर्टिकल आणि एकाच पट्ट्यातले असल्याने त्यांच्यापुरता साधा सॅटेलाइट स्प्लिटरही चालतो. मात्र स्प्लिटरवर ९५० ते २१५० मेगाहर्ट्झ लिहिलेलं हवं आणि दोन्ही तोंडांतून वीज वर जाणारा हवा. केबल टीव्हीचा जुना स्प्लिटर १००० मेगाहर्ट्झपर्यंतच चालतो, तो लावला की दोन्ही टीव्ही बंद.

आणि ती मोठी जाळीची छत्री?

आठ-दहा फुटांच्या जाळीच्या छत्र्या सी-बँडच्या, ३.७ ते ४.२ गिगाहर्ट्झच्या. केबलवाल्यांनी आणि काही वाड्यांनी त्या नव्वदच्या दशकात उभ्या केल्या. घरगुती वापरासाठी आता त्या ठेवू नयेत असं आमचं मत आहे. पूर्वी उघडे असलेले बहुतेक लोकप्रिय चॅनल तिथे आता कुलूपबंद आहेत. त्यात जुलै-ऑगस्ट २०२२ च्या लिलावात ३३०० ते ३६७० मेगाहर्ट्झचा पट्टा ५जी ला गेला, म्हणजे मोबाइलचा टॉवर या छत्रीच्या अगदी शेजारच्या फ्रिक्वेन्सीवर बोलतो. उपग्रहाचा सिग्नल टॉवरपुढे इतका क्षीण असतो की एलएनबी गुदमरून सगळंच घालवतो. हौसेने चालवायचीच असेल तर ३७०० ते ४२०० मेगाहर्ट्झचा ५जी फिल्टर आत असलेला एलएनबी घ्या. या जाळीवर कू-बँडचा, म्हणजे लहान छत्रीचा, एलएनबी लावून फ्री डिश धरायचा प्रयत्न करू नका. जाळीचा आकार त्या बारीक लहरींसाठी पुरेसा अचूक नसतो. नको असेल तर उतरवताना दोन माणसं आणि दोर घ्या, वारा नसलेली सकाळ निवडा. ॲल्युमिनियमला भंगारात भाव मिळतो.

खाजगी कंपनीचा जुना बॉक्स मात्र भंगाराच्या हातगाडीवर देऊ नका. तो ई-कचरा आहे, नोंदणीकृत ई-कचरा केंद्रात किंवा महापालिकेच्या संकलनाच्या दिवशी द्या.

सगळं जुळल्यावर क्लॅम्पच्या नव्या जागी दुसऱ्या रंगाची रेघ ओढा, शेजारी तारीख लिहा, आणि क्वालिटीचा आकडा बॉक्सच्या पाठीवर चिकटपट्टीवर लिहून ठेवा. पुढच्या वर्षी तो आकडा दहाने घसरला असेल तर नट आवळण्याआधी रेघ बघा: सरकली असेल तर दिशा, नसेल तर टोकाच्या पिना. फ्री डिशवरच्या खाजगी चॅनलच्या जागा लिलावाने ठरतात आणि १ एप्रिलच्या सुमारास त्यांची अदलाबदल होते. त्या आठवड्यात एखादा मराठी चॅनल गायब झाला तर छत्रीला हात लावू नका, मेनूत जाऊन 'ऑटो स्कॅन' करा.